नऊ दिवसांचा थर

तिने भट्टीतल्या क्वार्ट्झच्या नळीतून होडी, म्हणजे नमुना ठेवायची लांबट वाटी, बाहेर ओढली आणि दिव्याखाली धरली. होडीत नखाएवढा सिलिकॉनचा तुकडा होता. तो मखमलीसारखा काळाभोर दिसायला हवा होता. तो राखाडी होता, दोन दिवस दाढी न केलेल्या गालासारखा.

ही सतरावी खेप.

चिमट्याने तुकडा उचलून तिने डबीत ठेवला, झाकणावर आकडा लिहिला आणि डबी आधीच्या सोळांच्या रांगेत सारली. हातमोजा काढताना एक बोट आतच अडकलं. तिने तो ओढून फाडला.

दारात तिचे मार्गदर्शक उभे होते. सगळे त्यांना नुसतं सर म्हणत. बातमी वाईट असेल तेव्हा ते उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नसत.

"काय?"

"रान नाही, सर. गवत आहे."

"गवत." त्यांनी तो शब्द चाखून पाहिल्यासारखा केला. "दोन वर्षांपूर्वी दोन मिलिमीटर उंच रान वाढवलंत. पेपर छापून आला. त्यावर माझं नाव आहे. त्यानंतर सात प्रयोगशाळांनी करून पाहिलं, एकीचंही अर्ध्या मिलिमीटरच्या वर गेलं नाही. आणि आता तुमचंही नाही."

"एकदा वाढलं होतं, सर. फोटो आहेत."

"फोटो माझ्या नातवाकडे उडत्या तबकड्यांचेही आहेत. बारा दिवसांनी समिती येतेय. त्यांच्यासमोर वाढवा, नाहीतर पेपर मागे घेऊ आणि प्रबंधाचं विसरा. थर कसा घातला, भट्टी कशी चालवली, यातलं मला काही ठाऊक नव्हतं, असं मी लिहून देणार आहे."

"सर, तुम्ही तर प्रत्येक वेळी—"

"बारा दिवस," ते म्हणाले आणि निघून गेले.

काम दोन खोल्यांत वाटलेलं होतं. पलीकडच्या खोलीत सिलिकॉनच्या तुकड्यावर लोखंड आणि कोबाल्ट यांच्या मिश्रधातूचा थर चढे, डोळ्यांना दिसणारही नाही इतका पातळ. अलीकडच्या खोलीत तो तुकडा भट्टीत जाई. तापला की थर फुटून त्याचे सूक्ष्म मणी होत. मग गॅस सोडला की एकेका मण्यावर कार्बनची एकेक नळी उभी वाढू लागे. अशा कोट्यवधी नळ्या एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या की त्याला रान म्हणायचं. मधल्या भिंतीत दोन्हीकडून उघडणारी एक लहान खिडकी होती. पलीकडून डबी ठेवली जाई, अलीकडून उचलली जाई. डबीसोबत चिठ्ठी असे: थर किती जाड, धातूंचं प्रमाण काय, तारीख कोणती. दोन वर्षांत त्या खिडकीतून चिठ्ठीखेरीज एक शब्द आलेला नव्हता.

पलीकडे तिची नणंद काम करत होती.

विद्यार्थी नणंदेला पाठीमागे निर्वात मावशी म्हणत. तिच्या मशीनमध्ये हवेचा कण शिरत नसे आणि तिच्या खोलीत माणूस. पण सात वर्षांपूर्वी याच खिडकीतून नव्याने आलेल्या मुलीला पाहून तिने स्वतःच आपल्या धाकट्या भावासाठी शब्द टाकला होता. तेव्हा खिडकीतून डबीबरोबर अर्धं सफरचंदही यायचं.

त्या दुपारी ती कार्यालयात गेली आणि दोन वर्षांपूर्वीचे हजेरीचे कागद मागून घेतले. त्या एका यशस्वी दिवसाचं सगळं तिचं तपासून झालं होतं. गॅसची टाकी, हवेतली आर्द्रता, विजेचा दाब, नळीची सफाई, सगळं. राहिली होती ती फक्त डबीवरची चिठ्ठी. चिठ्ठीवर आदल्या दिवसाची तारीख होती. हजेरीत त्या तारखेसमोर, आणि तिच्या आधी आठवडाभर, नणंदेच्या नावापुढे रजा लिहिलेली होती; त्या तारखेला फक्त अर्ध्या तासाची ये-जा नोंदलेली होती.

ती कागद हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली. कारकुनाने दोनदा खाकरून पाहिलं.

नणंद मशीनचं झाकण उघडून आतली भिंत पुसत होती. तिने मान वळवली नाही.

"दार लाव. धूळ येते."

"लावलंय."

"मग उघड आणि बाहेर जा. म्हणजे धूळही जाईल."

"ताई, एक विचारायचंय."

"खिडकी आहे. चिठ्ठी लिही."

"चिठ्ठीबद्दलच विचारायचंय." तिने जुनी चिठ्ठी टेबलावर ठेवली.

नणंदेने फडक्याची घडी घातली, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि चिठ्ठीला हात न लावता वाकून वाचली.

"माझंच अक्षर आहे. मग?"

"या दिवशी तुम्ही रजेवर होतात. अर्धा तास आल्या होतात, सहीपुरत्या. थर घालायला चार तास लागतात."

"माझी हजेरी तपासलीस?"

"हो."

"शाब्बास. डॉक्टरीणबाई व्हायच्या आधीच हवालदारीण झालीस."

"ती डबी त्या दिवशीची नव्हतीच. जुनी होती. किती दिवसांची होती एवढंच सांगा."

"का?"

"कारण फरक तेवढाच उरलाय. सतरा वेळा ताजा थर वापरला. सतरा वेळा गवत उगवलं." तिचा आवाज चढला. "समितीपुढे मला सांगावं लागेल, ताई. तारीख खोटी होती म्हणून."

"सांग की." नणंदेने पुन्हा फडकं उचललं. "पाच महिने राहिलेत माझ्या निवृत्तीला. निरोपाच्या वेळी लाकडी फळीवर नाव कोरून देणार होते, ते नाही देणार. नाहीतरी घरात खिळा ठोकायला जागा नाही. पण मग किती दिवसांची डबी होती, ते समिती सांगणार का तुला? त्या महिन्यात पाच डब्या केल्या मी. कुठली कधीची ते वहीत नाही. इथे आहे." तिने कपाळावर बोट टेकवलं.

भावजयीने टेबलाची कड धरली. माझं आयुष्य आहे हे, असं काहीतरी तिला म्हणायचं होतं. या बाईपुढे ते वाक्य कसं वाटेल हे तिला कळत होतं.

"तुम्हाला काय हवंय?"

नणंद प्रथमच तिच्याकडे सरळ पाहत म्हणाली, "तुझा त्या दिवसाचा कागद आण."

"कुठला?"

"भट्टी पट्टी छापते ना, किती वाजता किती तापली त्याची? ती. अख्खी आण. पेपराला जोडलीस ती वरून कापलेली नको."

पट्टी तिच्या खणात होती, सगळ्यात खाली. दोन वर्षांत तिने ती एकदाच बाहेर काढली होती, कात्री लावायची प्रत काढण्यापुरती. आता पट्टी हातात घेऊन ती भट्टीपुढच्या स्टुलावर बसली.

त्या दिवशी सव्वाअकराला फोन आला होता. नणंदेचा. आईचं काही खरं नाही, लगेच ये. रुग्णालय अर्ध्या तासावर होतं. बापू, तिचा नवरा, पुलांची तपासणी करायला बाहेरगावी गेलेला, दुसऱ्या सकाळपर्यंत पोचणं शक्य नव्हतं. जाताना तो म्हणाला होता, आईजवळ तू आहेस, मला काळजी नाही. त्याआधी असे तीन फोन आले होते. तिन्ही वेळा ती धावत गेली होती आणि तिन्ही वेळा सासूबाई उशीला टेकून बसलेल्या होत्या, वर तिलाच विचारत होत्या, काही खाऊन आलीस का. आणि भट्टी तिला महिन्याभराने मिळाली होती, एका दिवसासाठी. ती फोन ठेवून अर्धा तास इथेच बसली होती. मग तिने होडी नळीत सारली.

सासूबाई एकच्या सुमाराला गेल्या. ती साडेतीनला पोचली. तिने सांगितलं, फोन आला तेव्हा भट्टी चालू होती, गॅस सोडलेला होता. मधेच टाकून येता येत नाही. पुढे महिनाभर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला बापूच हे समजावत राहिला. अहो, गॅस चालू असताना कशी येणार ती? इमारत उडाली असती.

त्या दिवशी नळीतून निघालेला तुकडा काळाभोर होता.

ती परत गेली तेव्हा नणंद दाराकडे तोंड करून बसलेली होती. पट्टी पुढे केली, तरी तिने घेतली नाही.

"वाच."

"तुम्हीच बघा ना."

"चष्मा पुसायचाय. वाच."

"सुरुवात..." ती थांबली. "अकरा बावन्न."

"आणि मी फोन कधी केला?"

"सव्वाअकराला."

"गॅस कधी सोडलास?"

"बारा पंचवीसला."

नणंद चष्मा पुसत राहिली. चष्मा स्वच्छच होता.

"तुम्हाला माहीत होतं," भावजय म्हणाली.

"एकतीस वर्षं काढलीत या इमारतीत. तुझ्या भट्टीचा पंप चालू असला तर फोनवर माणसाला ओरडावं लागतं. तू हळू बोललीस. 'हो ताई, निघते,' असं म्हणालीस. मागे कसलाही आवाज नव्हता." तिने चष्मा डोळ्यांवर चढवला. "आई तीनदा म्हणाली, सूनबाई आली का. मी म्हटलं, निघालीय. मला खोटं बोलायला लावलंस तू तिच्याशी. शेवटचं."

"मला वाटलं नव्हतं, की खरंच..."

"कुणालाच वाटत नसतं."

"मग बापूला का नाही सांगितलंत? दोन वर्षं?"

"त्याची आई गेली होती. त्याच दिवशी बायकोही घालवू त्याची?" नणंदेचा आवाज एवढाही वर गेला नाही. "आणि मी का सांगू? केलंस तू."

 मग नणंद उठली आणि कपाट उघडून सिलिकॉनचे दोन नवे तुकडे काढले.

"नऊ दिवस," ती पाठमोरीच म्हणाली.

"काय?"

"नऊ दिवसांची होती ती डबी. दोन दिवसांवरची फेकायची असा नियम आहे. मी फेकणारच होते. पण रुग्णालयातून आले होते, डोकं ठिकाणावर नव्हतं, नवा थर घालायला चार तास कुठून आणू? त्या दिवसाची तारीख टाकली आणि ठेवली खिडकीत." तिने दोन्ही तुकडे मशीनच्या आत बसवले. "ताजा थर तापला की मणी एकमेकांत मिसळून ढेकळं होतात. नऊ दिवस हवा लागली की वर गंजाची बारीक साय धरत असेल, मणी सुटे राहत असतील. मी काही शिकलेली नाही. पण तुझ्या सतरा डब्या पाहिल्यावर एवढं कळलं."

"तुम्हाला कळलं होतं? मग इतके दिवस—"

"इतके दिवस काय? खिडकीत चिठ्ठी ठेवू? 'प्रिय वहिनी, सप्रेम नमस्कार'?"

झाकण बसलं. तिने एकेक बोल्ट आवळायला घेतला.

"आज दोन्हींवर थर घालते, एक तुझ्या चाचणीला, एक समितीपुढे. डबी माझ्या कपाटात राहील, तेव्हा होती त्याच फळीवर. नवव्या दिवशी बापूला माझ्याकडे पाठव. डबी त्याच्याच हातात देईन. त्याला काय सांगायचं ते तू आधी सांगितलेलं असशील, तर."

"आणि नाही सांगितलं, तर?"

"तर दहाव्या दिवशी फेकून देईन. दोन दिवसांवरची डबी ठेवायची नाही, नियमच आहे."

"ताई, ही माझी पदवी आहे. सहा वर्षं घातलीत मी. तुम्ही अशी..."

"ती माझी आई होती," नणंद म्हणाली. "आता जा. पंप सुरू करायचाय, मग तुला ओरडावं लागेल."

पहिले तीन दिवस तिने घरी काहीच केलं नाही. चौथ्या संध्याकाळी तिने, ऐक ना, असं म्हटलं आणि बापूने मान वर केल्यावर गळक्या नळाबद्दल विचारलं. पाचव्या दिवशी तिने गुपचूप दुसऱ्या एका प्रयोगशाळेला फोन लावला. तिथे थर घालून मिळाला असता, तीन आठवड्यांनी. सहाव्या दिवशी ती नणंदेच्या खोलीपाशी जाऊन आली. कपाटाला कुलूप होतं. किल्ली नणंदेच्या गळ्यात, ओळखपत्राच्या पट्ट्याला.

सातव्या दिवशी सर म्हणाले, "समितीच्या जेवणाची व्यवस्था करू ना? की त्यांना लवकर मोकळं करणार आहात तुम्ही?"

आठव्या संध्याकाळी बापू शर्टांना इस्त्री करत होता. तो कॉलरपासून सुरुवात करी, मग बाह्या, मग पाठ. पुलाचे खांब तपासावेत तसा, एकही जागा न सोडता. रेडिओ लहान आवाजात चालू होता. ती दारात उभी राहून तीन शर्ट होईपर्यंत पाहत राहिली.

"सतरा वेळा फसलं ना?" तो म्हणाला. "अठराव्यांदा होईल. तू काही थापा मारणाऱ्यातली नाहीस, मी सांगतो त्यांना हवं तर."

तिने पुढे होऊन रेडिओ बंद केला.

"बापू, इस्त्री उभी कर."

"का? वास येतोय का?"

"नाही. उभी कर आणि बस."

नवव्या दिवशी तिने आठ वाजताच भट्टी तयार केली. नळी पुसली, जोड तपासले, गॅसचे काटे शून्यावर आहेत का पाहिलं. रात्री बापू बाहेरच्या खोलीत झोपला होता. सकाळी ती उठली तेव्हा घरात नव्हता. चौथ्या शर्टाची पाठ तशीच चुरगळलेली होती.

साडेनऊ झाले. दहा झाले. ती खिडकीकडे पाहायचं टाळत होती आणि दर मिनिटाला पाहत होती. खिडकी बंद होती.

दहा वाजून वीस मिनिटांनी दार उघडलं. बापू आत आला. या खोलीत तो कधीच आलेला नव्हता. डबी त्याने तळहातावर धरली होती, पाणी सांडू नये तशी.

"ताईने दिलीय," तो म्हणाला.

तिने डबी घेतली. त्याची बोटं थंड होती. तो निघून जाईल म्हणून ती थांबली, पण त्याने स्टूल भिंतीपाशी ओढलं आणि बसला.

"किती वेळ लागतो याला?"

"तापायला अर्धा तास. वाढायला पंधरा मिनिटं. मग थंड व्हायला दोन तास."

"आणि मधे सोडून जाता येत नाही."

तिने डबीतला एक तुकडा होडीत ठेवला. "गॅस सोडेपर्यंत येतं. बटण दाबलं की भट्टी बंद होते."

"एक बटण."

"हो."

त्याने मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी.  तिने होडी नळीत सारली, पंप सुरू केला, आकडे चढू लागले. साडेसातशे अंशांवर काटा स्थिरावला तेव्हा तिने त्याच्याकडे पाहिलं. तो तिच्याकडे पाहत नव्हता. ते लाल बटण कुठे आहे ते शोधून त्याच्याकडे पाहत होता. तिने गॅस सोडला.

सव्वा तास झाला, दोन तास झाले. सर एकदा दारात येऊन गेले. कोण हे, असं भुवईनेच विचारलं आणि परतले. बापूने पाणी मागितलं नाही, पाय मोकळे केले नाहीत. कुणाच्या तरी उशाशी बसावं तसा बसून राहिला.

नळी हात लावण्याइतकी निवली तेव्हा तिने टोक उघडलं आणि होडी ओढून घेतली.

मोजायची गरज नव्हती. तुकडा काळा होता. नुसता काळा नाही. दिवा त्याच्यावर धरला तरी उजेड परत येत नव्हता, आत कुठेतरी राहत होता. कडेने पाहिलं तर त्याची उंची दिसत होती, सरळ, कापून काढल्यासारखी. तिच्या तोंडून आवाज निघणार होता, तो तिने गिळला.

बापू उठून जवळ आला.

"जपून," ती म्हणाली. "श्वास लागला तरी आडवं होतं."

त्याने तोंडावर हात धरला आणि होडीवर वाकला. तो खूप वेळ तसाच वाकून पाहत राहिला. तिला त्याचा फक्त मानेकडचा भाग दिसत होता, आणि सदऱ्याची इस्त्री न केलेली कॉलर.

मग तो सरळ झाला, दोन पावलं मागे सरकला आणि तोंडावरचा हात काढला.

"एवढंसं?" त्याने विचारलं.